मुकुटाविना राज्य : मर्सियाच्या सरदारांचा प्रश्न

नवव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या वूस्टर गावाभोवती तट उभा राहिला. तो उभारला मर्सियाचा कारभार पाहणाऱ्या एथेलरेड आणि एथेलफ्लेड या पती-पत्नींनी, बिशप वेरफर्थ यांच्या विनंतीवरून. त्या वेळी केलेली सनद आजही वाचायला मिळते. बाजारातून आणि रस्त्यांवरून धनी म्हणून आपल्याला जे काही मिळते, त्यातला निम्मा वाटा दोघांनी सेंट पीटरच्या चर्चला दिला. जमिनीचे भाडे, मारामारीचा दंड, चोरीचा दंड, खोट्या व्यवहाराचा दंड, तटाची नासधूस केल्याचा दंड, असे सगळे त्यात आले. बदल्यात चर्चने त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची आणि दर शनिवारी तीस स्तोत्रे म्हणायची.

याच सनदेत एक अपवाद नोंदवलेला आहे. जवळच्या ड्रॉइटविचला खाऱ्या पाण्याचे झरे होते आणि तिथले मीठ दूरदूर जाई. मिठाच्या प्रत्येक गाडीमागे एक शिलिंग आणि प्रत्येक ओझ्यामागे एक पेनी अशी जकात होती. ही जकात मात्र पूर्वीपासून जाते तशी राजाकडेच जाईल, असे सनद सांगते.

बाजार, दंड आणि तट एथेलरेडचे, पण मिठाची जकात राजाची, आणि तो राजा शेजारच्या वेसेक्स राज्याचा आल्फ्रेड. मग मर्सियाचा राज्यकर्ता कोण? राजा म्हणवून न घेता राज्य करणाऱ्या या माणसाला सरदार म्हणायचे की शासक? इतिहासकार या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घालत आहेत. मला मात्र वाटते की उत्तर एकट्या एथेलरेडमध्ये शोधून मिळणार नाही. त्यासाठी मर्सियाच्या सरदारवर्गाची चारशे वर्षांची वाटचाल एका नजरेत घ्यावी लागते.

सीमेवरची माणसे

मर्सिया या नावाचा अर्थच सीमेवरच्या लोकांचा देश. ट्रेंट नदीचे खोरे हे त्याचे काळीज. टॅमवर्थला राजवाडा, लिचफील्डला धर्मपीठ आणि रेप्टनला राजांच्या समाध्या. मूळ मुलूख एवढाच होता. जमिनीची मोजदाद सांगणारी एक जुनी यादी उपलब्ध आहे. एका कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन म्हणजे एक हाइड, या मापाने ती मूळ मर्सियाला 30,000 हाइड देते. शेजारच्या ह्विचे लोकांना 7,000. यादीत अवघ्या काहीशे हाइडांचे चिमुकले गटही आहेत. मर्सियाचे राज्य अशा लहानमोठ्या लोकसमूहांना बांधून झालेले होते, आणि प्रत्येक समूहाला आपले घराणे होते, आपला प्रमुख होता.

या प्रमुखांसाठी जुन्या इंग्रजीतला शब्द एल्डरमन. प्रांताची फौज घेऊन लढाईला जाणे, न्यायसभेत बसणे, राजाचे येणे वसूल करणे ही त्याची कामे. त्याच्या खालोखाल थेन, म्हणजे राजाच्या किंवा मोठ्या सरदाराच्या चाकरीतला जमीनदार योद्धा. लॅटिनमध्ये लिहिलेल्या सनदांत एल्डरमनला कधी ड्यूक्स म्हटलेले सापडते, कधी प्रिन्केप्स, कधी कोमेस. पदव्यांचा हा सैलपणा पुढे महत्त्वाचा ठरतो.

माणसाची प्रतिष्ठा कायद्याने पैशांत मोजली जाई. मर्सियाच्या रिवाजात साध्या शेतकऱ्याच्या खुनाची भरपाई 200 शिलिंग होती आणि थेनची 1,200. राजाची भरपाई सहा थेनांइतकी, म्हणजे 120 पौंड. ती त्याच्या नातलगांना मिळे. याशिवाय तेवढीच रक्कम राजपदाची म्हणून वेगळी द्यावी लागे आणि ती जाई प्रजेकडे. राजा हा माणूस त्याच्या कुळाचा, पण राजपद लोकांचे, असा भेद इथे थेट पैशांत मांडलेला आहे. मर्सियाचा पुढचा सगळा इतिहास समजून घ्यायला हा एक नियम मोठा उपयोगी पडतो.

राजे बसवणारे, राजे मारणारे

सातव्या शतकात पेंडा या बिगरख्रिस्ती राजाने मर्सियाला दरारा मिळवून दिला. 655 मध्ये तो लढाईत पडला आणि नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्विउ मर्सियावर राज्य करू लागला. तीन वर्षांनी इमिन, इआफा आणि इआडबर्ट या तीन एल्डरमनांनी बंड केले. पेंडाचा तरुण मुलगा वुल्फहेर त्यांनी लपवून ठेवला होता. परक्या राजाचे अधिकारी हाकलून त्यांनी त्याला गादीवर बसवले. ही हकिकत इतिहासकार बीडने लिहून ठेवली आहे, आणि तो स्वतः नॉर्थम्ब्रियाचा, म्हणजे पराभूत पक्षाचा. राज्य परत मिळवले ते सरदारांनी, राजपुत्र त्यांच्या हाती होता एवढेच.

हे सरदार कसे दिसत असतील? 2009 मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या हॅमरविच गावाजवळच्या शेतात जे सोने सापडले, त्यातून अंदाज बांधता येतो. टॅमवर्थ आणि लिचफील्ड तिथून फार दूर नाहीत. सुमारे चार किलो सोने आणि सातव्या शतकातले कारागिरीचे हजारो तुकडे. त्यात तलवारीच्या मुठीच्या टोकावर बसवायची सत्तरहून अधिक बोंडे आहेत. सोन्याच्या बारीक तारांची नक्षी, मधे लाल तामड्याचे खडे, एकमेकांत गुंतलेले प्राणी. पात मात्र एकही नाही. मुठीवरचे सोने उचकटून काढलेले, काही तुकडे वाकलेले. बायकांचे दागिने जवळपास नाहीत. एकेक बोंड म्हणजे एकेक तलवार आणि एकेक तलवार म्हणजे एकेक मानकरी योद्धा. राजाचे बळ म्हणजे त्याच्या अंगणात बसणारी ही सोन्याच्या मुठींची माणसे.

ती माणसे फिरली तर राजा उरत नसे. 716 पासून 757 पर्यंत राज्य केलेला एथेलबाल्ड दक्षिण इंग्लंडचा अधिपती होता. एका सनदेवर त्याची सही ब्रिटनचा राजा अशी आहे. त्याला सेकिंग्टन इथे रात्रीच्या वेळी त्याच्याच अंगरक्षकांनी मारले.

उपराजा ते एल्डरमन

राजाचा सरदार कसा होतो, हे पाहायचे तर ह्विचे लोकांकडे वळावे. आजचे वूस्टरशायर, ग्लॉस्टरशायर आणि वॉरिकशायरचा काही भाग हा त्यांचा मुलूख. सातव्या शतकात त्यांना स्वतःचे राजे होते.

एथेलबाल्डची 736 ची मूळ सनद आजही ब्रिटिश लायब्ररीत आहे. किनेबर्ट या आपल्या सोबत्याला त्याने स्टूर नदीकाठची दहा कुटुंबांची जमीन मठासाठी दिली. साक्षीदारांत ह्विचेंचा एथेलरिक आहे. त्याच्या नावापुढे दोन पदव्या एकाच ओळीत येतात : उपराजा, आणि एथेलबाल्डचा सोबती. स्वतःच्या लोकांसाठी तो राजा होता, वरच्यासाठी दरबारी.

पुढच्या पिढीत इआनबर्ट, उट्रेड आणि इआल्ड्रेड हे तीन भाऊ लहान राजे म्हणून सनदा देताना दिसतात, पण मर्सियाच्या ऑफा राजाच्या परवानगीने. 778 च्या सुमारास ऑफानेच एका सनदेत इआल्ड्रेडचे वर्णन केले : माझा उपराजा, म्हणजे त्याच्या ह्विचे लोकांचा एल्डरमन. मधल्या त्या ‘म्हणजे’मध्ये एक राज्य संपले. लढाई नाही, हकालपट्टी नाही. लेखणीच्या एका फटक्याने राजपदाचे भाषांतर सरदारकीत झाले.

802 पर्यंत ह्विचेंचा प्रमुख एथेलमुंड हा सरळ एल्डरमन म्हणवला जातो. त्या वर्षी तो फौज घेऊन केम्प्सफर्डजवळ थेम्स ओलांडून गेला. समोर विल्टशायरचा एल्डरमन वेओस्टन होता. दोघेही मारले गेले. राजा नसलेले दोन सरदार आपापल्या प्रांताच्या फौजा घेऊन लढले आणि अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताने त्यांच्या लोकांची नावे घेतली : ह्विचे आणि विल्टशायरची माणसे. पदवी उतरली तरी प्रांत आपल्या माणसामागे उभा होता.

ऑफाच्या काळात (757 ते 796) मर्सिया शिखरावर होता. चांदीची उत्तम पेनी, वेल्सच्या सीमेवरचा मैलोगणती लांब बांध आणि लिचफील्डला आर्चबिशप, एवढा पसारा त्याने उभा केला. मुलाची गादी सुरक्षित राहावी म्हणून त्याने खूप रक्त सांडले, असे त्याच्याच काळातल्या अल्क्विन या विद्वानाने लिहून ठेवले आहे. मुलगा एक्गफ्रिथ बापामागे 141 दिवसांत वारला. पुढची ऐंशी वर्षे वेगवेगळी घराणी गादीसाठी झगडत राहिली.

सरदारीचा भाव

एल्डरमनच्या हक्कांची किंमत किती होती? 836 मध्ये क्रॉफ्ट इथे विग्लाफ राजाने हॅनबरीच्या मठाला सूट दिली. राजाला आणि एल्डरमनांना मुक्कामी पोसण्याच्या बोजातून मठ मोकळा झाला. पण राजाने सूट दिली म्हणून सरदाराचा हक्क आपोआप बुडत नव्हता. तो विकत घ्यावा लागला. वूस्टरच्या बिशपने सिगेरेड या एल्डरमनला सोन्यात 600 शिलिंग मोजले आणि मुचेल या एल्डरमनला क्राउलची दहा हाइड जमीन दिली. राजाची माणसे प्रवासात असली की त्यांच्या जेवणाचा, घोड्यांच्या चाऱ्याचा आणि मुक्कामाचा भार मठांवर आणि गावांवर पडे. एल्डरमनचा त्यात कायमचा वाटा होता, आणि तो वाटा त्याचा स्वतःचा होता, राजाच्या मर्जीचा नव्हता. 600 शिलिंग म्हणजे अर्ध्या थेनच्या जिवाची किंमत, हे लक्षात घेतले की त्या हक्काचे वजन कळते.

शेवटचा राजा की मूर्ख चाकर?

825 मध्ये वेसेक्सच्या एग्बर्टने एलनडनच्या लढाईत मर्सियाचा पराभव केला. 827 मध्ये लुडेका राजा आपल्या पाच एल्डरमनांसह मारला गेला. पुढे व्हायकिंग आले. 873-74 च्या हिवाळ्यात त्यांच्या मोठ्या फौजेने रेप्टनला, राजांच्या समाध्यांजवळच, तळ ठोकला. 22 वर्षे राज्य केलेला बर्गरेड देश सोडून रोमला गेला आणि तिथेच वारला.

त्याच्या जागी आला चेओलवुल्फ. वेसेक्समध्ये लिहिल्या गेलेल्या अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताने त्याला राजाचा एक मूर्ख थेन म्हणून संपवले आहे. व्हायकिंगांना ओलीस देणारा, मागतील तेव्हा राज्य परत देईन अशी शपथ वाहणारा. शतकानुशतके हाच शब्द प्रमाण मानला गेला. 875 च्या सनदेत मात्र तो मर्सियाचा राजा आहे आणि मर्सियाचे बिशप आणि एल्डरमन त्याचे साक्षीदार आहेत. 2015 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनजवळ सुमारे 200 चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात आल्फ्रेड आणि चेओलवुल्फ यांची नाणी एकाच छापाची आहेत : शेजारी बसलेले दोन सम्राट आणि वर पंखधारी आकृती. दोन राजे एका चलनपद्धतीत बरोबरीने काम करत होते, हे नाणी सांगतात. इतिवृत्ताने एका सहकाऱ्याला मूर्ख ठरवले, कारण पुढे त्याचे राज्य वेसेक्सच्या हाती आले आणि त्याची आठवण अडचणीची झाली.

877 मध्ये व्हायकिंगांनी मर्सिया वाटून घेतला. पूर्वेकडचा भाग त्यांचा, पश्चिमेकडचा चेओलवुल्फचा. 879 च्या सुमारास तो नाहीसा होतो. मर्सियाला पुन्हा स्वतःच्या घराण्याचा राजा मिळाला नाही.

धनी आणि धनीण

त्या रिकाम्या जागी एथेलरेड उभा राहिला. 881 मध्ये त्याची वेल्समधली स्वारी कॉनवीजवळ फसली. 883 च्या सनदेत तो मर्सियाचा एल्डरमन आहे. आल्फ्रेडच्या संमतीने आणि मर्सियाच्या सगळ्या सल्लागारांच्या साक्षीने तो दान देतो. 886 मध्ये आल्फ्रेडने लंडन घेतले आणि एथेलरेडच्या ताब्यात दिले, कारण लंडन पूर्वी मर्सियाचेच होते. आल्फ्रेडची थोरली मुलगी एथेलफ्लेड त्याला दिली. आल्फ्रेडच्या मृत्युपत्रात एल्डरमन एथेलरेडसाठी 100 मँकस (सोने मोजायचे जुने माप) मोलाची तलवार आहे. स्वामी आपल्या योद्ध्याला तलवार देतो, ही जुनी रीत. जावयाला दिलेली ही भेट धन्याने चाकराला दिलेलीही होती.

911 मध्ये एथेलरेड वारला. एडवर्ड राजाने, म्हणजे एथेलफ्लेडच्या भावाने, लंडन आणि ऑक्सफर्ड आपल्याकडे घेतले. उरलेला मर्सिया एथेलफ्लेडने सात वर्षे एकटीने चालवला. जुन्या इंग्रजीत तिची पदवी मर्सियनांची धनीण. 912 मध्ये ब्रिजनॉर्थ, 913 मध्ये टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड, 914 मध्ये एडिसबरी आणि वॉरिक, 915 मध्ये रनकॉर्न : दर वर्षी नवे तट. 916 मध्ये तिच्या फौजेने वेल्समधले ब्रेकनमेअर फोडले आणि तिथल्या राजाच्या पत्नीसह 34 जणांना धरून आणले. 917 मध्ये डर्बी जिंकले. तिथे वेशीच्या आत तिचे चार थेन पडले. ते तिला फार प्रिय होते, असे मर्सियाच्या बखरीत लिहिले आहे. युद्धांच्या कोरड्या नोंदींमध्ये हे एकच वाक्य मायेचे आहे, आणि ते एका धनिणीचे तिच्या माणसांशी असलेले नाते सांगते. 918 मध्ये लेस्टर लढाईविना मिळाले आणि यॉर्कच्या लोकांनी निष्ठेचे वचन दिले. 12 जूनला टॅमवर्थला तिचा मृत्यू झाला. ग्लॉस्टरला नवऱ्याशेजारी तिला पुरले.

त्यानंतरची घटना मला या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. मर्सियाची सत्ता तिच्या मुलीकडे, एल्फविनकडे गेली. आईकडून मुलीकडे राज्य जाण्याचे इंग्लंडच्या त्या काळातले हे एकमेव उदाहरण. काही महिन्यांतच, नाताळच्या तीन आठवडे आधी, एडवर्डने तिचा सगळा अधिकार काढून घेतला आणि तिला वेसेक्सला नेले. मर्सियाच्या बखरीत तिची ओळख आहे एथेलरेडची, मर्सियनांच्या धन्याची मुलगी. केवळ अधिकाऱ्याची बदली असती, तर एवढ्या दुःखाने कुणी लिहिले नसते.

इतिहासकारांचे माप

फ्रँक स्टेंटन यांनी 1918 मध्ये मर्सियन राजांच्या वर्चस्वावर निबंध लिहून सनदांतल्या पदव्यांकडे लक्ष वेधले. राजा, उपराजा, एल्डरमन ही उतरण तेव्हापासून अभ्यासकांच्या नजरेत आहे. 1959 मध्ये एफ. टी. वेनराइट यांनी दाखवले की वेसेक्सच्या इतिवृत्ताने एथेलफ्लेडचे कर्तृत्व जवळजवळ गाळले आहे. सायमन केन्स यांचे म्हणणे वेगळे. आल्फ्रेडने अँग्लो-सॅक्सनांचे एकच नवे राज्य घडवले आणि एथेलरेड त्या राज्याखाली कारभार करत होता, असे ते मानतात.

केन्स यांचा पुरावा भक्कम आहे. एथेलरेडच्या नावाचे एकही नाणे सापडलेले नाही. एथेलफ्लेडच्या काळात पश्चिम मर्सियाच्या टांकसाळींनी मनोरे आणि फुलांची वेगळी चित्रे काढली, पण नाव एडवर्डचेच. मिठाची जकातही राजाकडेच गेली. दुसऱ्या पारड्यात न्याय, फौज, तट, जमिनीची दाने, परक्यांशी तह. आयर्लंड आणि वेल्सच्या इतिवृत्तांनी एथेलफ्लेडला सरळ राणी म्हटले आहे. वेसेक्सच्या इतिवृत्तालाही तिचा मृत्यू नोंदवताना मान्य करावे लागले की मर्सियाचे सगळे लोक तिच्या अधीन होते.

माझा कौल असा. नाण्यावरचे नाव सार्वभौमाचे असते, हे खरे. पण सार्वभौम आणि राज्यकर्ता हे एकच असावेत, ही अपेक्षा आपण नंतरच्या काळातून मागे नेतो. एथेलरिक एका ओळीत उपराजाही होता आणि सोबतीही. मर्सियाच्या लोकांना त्यात विसंगती वाटत नव्हती. एथेलरेड आणि एथेलफ्लेड वेसेक्सच्या छत्राखाली होते, आणि मर्सियाचे राज्यकर्तेही होते. त्यांना केवळ प्रांताधिकारी म्हणणे म्हणजे वेसेक्सच्या लेखणीने मर्सियाचा इतिहास लिहिणे.

या सरदारवर्गाचे दुबळेपणही लपवू नये. ज्यांनी 658 मध्ये राजा परत आणला, त्यांच्याच वंशजांच्या चढाओढीने ऑफानंतर गादी खिळखिळी केली. प्रत्येक प्रांत आपल्या माणसामागे उभा राहतो तेव्हा राज्य तुटायलाही सोपे जाते. आणि एल्फविनला नेले तेव्हा कुणी तलवार उपसल्याची नोंद नाही.

तरीही मर्सिया विरघळला नाही. 924 मध्ये चेस्टरच्या लोकांनी एडवर्डविरुद्ध बंड केले, असे बाराव्या शतकातला माम्सबरीचा विल्यम सांगतो. एडवर्ड त्याच वर्षी मर्सियातल्याच फार्नडनला वारला. तेव्हा त्याचा मुलगा एथेलस्टन याला आधी राजा निवडले ते मर्सियनांनी. 957 मध्ये त्यांनी वेसेक्सच्याच घराण्यातल्या एडगरला आपला वेगळा राजा केले आणि दोन वर्षे थेम्स पुन्हा राज्याची सीमा झाली. एल्फहेर, लिओफ्रिक आणि शेवटी 1071 मध्ये मारला गेलेला एडविन, हे सगळे सरदार मर्सियाचेच म्हणून ओळखले गेले.

1007 मध्ये इंग्लंडच्या राजाने, म्हणजे दुसऱ्याच एका एथेलरेडने, इआड्रिक स्ट्रिओनाला एल्डरमन नेमले. इतिवृत्त लिहिणाऱ्याने जागा सांगताना प्रांत हा शब्द वापरला नाही. मर्सियाच्या राज्यावर नेमले, असे लिहिले. मर्सियाच्या स्वतःच्या घराण्यातल्या शेवटच्या राजाला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षे झाली होती.